जीपचे फ्लॅप आणि मुलीचा मामा

"काका, गाडी चालती कुठं तुमची?"

त्या पोरानं सहज विचारलं आणि माझ्या पहिल्याच घासाला खडा लागला. गाडी माझी नव्हतीच. शेजारच्या बाळ मुळीकची जुनी जीप, ती मी सकाळी त्याच्या मिनतवाऱ्या करून आणलेली. ती कुठं चालते ते मुळीकला ठाऊक आणि देवाला.

"चालते की. सगळीकडं चालते," मी म्हटलं.

"तसं न्हवं. डांबरीवर का मातीत? त्यावर फ्लॅप ठरतोय."

"मातीत!" मी ठोकून दिलं. "चिक्कार मातीत."

पोरगं हसलं नाही. उकिडवं बसून त्यानं मुळीकच्या जीपचं मागचं चाक न्याहाळलं, चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून बोट लावलं, बोट बघितलं, फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "बरं." पत्र्याला चिखलाचा कणसुद्धा नव्हता. मुळीक ती जीप रविवारी धुतो आणि सोमवारी झाकून ठेवतो. त्या 'बरं'चा मला वास आला. पण म्हटलं, भूपाल मगदूम, आज तू वास घ्यायला आला आहेस, द्यायला नाही. गप्प बस.

मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. उभी हयात कोल्हापूर जिल्ह्यातल्या गाड्यांत चढून लोकांच्या तोंडाकडं बघत काढली. समोरच्यावर संशय घ्यायचा मला पगार मिळायचा, आणि ती सवय घरी सोडून जेवायला बसता येत नाही. बायको म्हणायची, तुम्ही आमटीतली फोडसुद्धा उलटी करून बघता.

त्या दिवशी मी बघायला आलो होतो ते त्या पोरालाच. सन्मती चौगुले. राहणारा गडहिंग्लजचा, आजऱ्याकडच्या डोंगरात काजूची बाग, तिथंच काजू फोडायचा लहानसा कारखाना. आमच्या पद्मजाला सांगून आलेलं स्थळ. बघण्याचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मी आजारी होतो, म्हणून आमची तोंडओळख नव्हती. मध्यस्थ सोमवारी उत्तर घ्यायला येणार होता आणि हा रविवार. मध्यस्थाच्याच तोंडून मला कळलं होतं की पोरगा जीपवेडा आहे, या रविवारी कोल्हापुरात उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीकडं गाडीला मडफ्लॅप, म्हणजे चाकामागं चिखल अडवणारे पडदे, बसवायला येणार आहे. म्हटलं, नामी संधी. कांदेपोह्यांच्या बशीमागं बसलेला माणूस सगळ्यांनाच गोड दिसतो. गॅरेजात बसलेला कसा दिसतो ते बघू.

पद्मजा माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, धाकटी मुलगी. थोरली शैला. तिच्या वेळी दाजी जिवंत होते. त्यांनी गावभर चौकशी केली होती. मुलगा इंजिनियर, सुपारीचंही व्यसन नाही, देवळात रोज अभिषेकाला हजर. ज्याला विचारावं तो म्हणायचा, सोनं आहे सोनं! त्या सोन्यानं आमच्या पोरीला हातात येईल त्यानं मारलं. लाटणं, पट्टा, एकदा तर पाण्यानं भरलेली कळशी. दुसऱ्या वर्षाच्या आतच मी जाऊन तिला घेऊन आलो. दाजींनी हाय खाल्ली, ते त्यातच गेले. गावानं काय म्हणावं? 'थोरली नांदली नाही.' झालं! एवढ्या तीन शब्दांत सगळं गुंडाळलं. शैला तेव्हापासून घराबाहेर पडत नव्हती, देवळातसुद्धा नाही. आणि आता पद्मजाचं लग्न. पुन्हा तेच झालं असतं तर अक्का जगली नसती, आणि मी स्वतःला माफ केलं नसतं. म्हणून मी ठरवलं होतं, ह्या खेपेला कुणाच्या बोलण्यावर जायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

तर तो असा माझ्यासमोर उकिडवा बसला होता. सावळा, दणकट, खाकी हाफ चड्डी, बनियनवर उघड्या बटणांचा शर्ट. स्वतःची हिरवी जीप त्यानं जॅकवर चढवून ठेवली होती. मागच्या बाजूला जुना एकच फ्लॅप लोंबत होता, तोही फाटका. दुसऱ्याच्या जागी नुसती वाकलेली लोखंडी पट्टी.

"ह्याचा जोडीदार कुठं गेला?" मी विचारलं.

"चिखलानं खाल्ला," तो म्हणाला.

दस्तगीर मिस्त्री पान चघळत आतून आला. वयस्क, गोल टोपी, पोट सुटलेलं. त्यानं दोन तऱ्हेचा माल आमच्या पुढ्यात टाकला. एक तयार प्लास्टिकचे, चकचकीत, खाली लाल रिफ्लेक्टर बसवलेले. दुसरा साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचा काळा तुकडा, ज्यावरून उसाचा भुसा वाहतो तो पट्टा. जाड, जड, आत दोऱ्यांचा थर.

"हे घ्या," दस्तगीर मला म्हणाला, आणि प्लास्टिकचे पुढं केले. "तुमच्या गाडीला शोभून दिसतील. नवरीगत."

सन्मतीनं मात्र पट्ट्याचा तुकडा उचलला, दोन्ही हातांनी वाकवला, सोडला. तुकडा सपकन सरळ झाला. "मला हेच कापून द्या. प्लास्टिक दगडाला तडकतंय."

मी मनात नोंद केली : चिकट. जुना माल उचलतोय. लग्नानंतर बायकोला साडीपण जुनीच घेईल.

"आणि दस्तगीरभाई," तो पुढं म्हणाला, "बोल्ट नकोत. पिना लावा. मला हातानं काढता-घालता आले पाहिजेत."

माझे कान टवकारले. काढता-घालता? सरळमार्गी माणसाला गाडीवरची वस्तू येता-जाता काढायची गरज काय? चौकशीचा आमचा एक नियम आहे. माणसाला तिकीट विचारायचं नाही, कुठं उतरणार ते विचारायचं. तिकीट तो खिशातून काढतो, उत्तर मात्र त्याला डोक्यातून काढावं लागतं.

"काढून ठेवता कुठं मग?" मी विचारलं.

"सीटच्या मागं."

"आणि काढता कधी?"

"चिखलात उतरायच्या आधी. रिव्हर्स घेताना फ्लॅप टायरखाली सापडतोय, मग टायर त्याला पट्टीसकट उपटून काढतंय. ते बघा की," त्यानं वाकलेली पट्टी दाखवली. "आम्ही मित्र-मित्र पावसाळ्यात गाड्या घेऊन चिखलात जातो. शर्यत म्हणा हवं तर. तिथं काढायचे, परत रस्त्याला लागलं की घालायचे."

शर्यत! दुसरी नोंद. मोकळा जीव, रिकामा खेळ. जिथं शर्यत तिथं पैजा, आणि जिथं पैजा तिथं बाटली.

"घरी चालतं हे?" मी विचारलं. "बागेची कामं सोडून?"

"बागेची?" तो म्हणाला.

मी जीभ चावली. बागेचं त्यानं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं मध्यस्थानं. पण पोरानं विषय वाढवला नाही. खाली वाकून खडूनं पट्ट्यावर रेघ मारायला लागला.

"चालतंय," एवढंच म्हणाला. "आई शिव्या घालती, खरं चालतंय."

रेघ त्यानं टायरच्या रुंदीपेक्षा दोन बोटं बाहेर मारली, आणि खाली इतकी लांब की फ्लॅप जवळजवळ जमिनीला टेकावा.

"अहो, एवढा लांब?" दस्तगीर म्हणाला. "रस्ता झाडायचा हाय काय?"

हे ऐकलं मात्र, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्ता झाडायचा! आजऱ्याचं जंगल. रात्री गाडी आत घालायची, लाकूड म्हणा, शिकार म्हणा, काय ते भरायचं, आणि येताना हे लांब रबर चाकांच्या खुणा पुसत येणार. म्हणूनच जड पट्टा, म्हणूनच पिना. काम झालं की काढून सीटमागं. जैनाच्या घरात शिकार! अरिहंत, अरिहंत!

"लांब कशाला?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

सन्मतीनं खडू खाली ठेवला. जरा अवघडल्यासारखा झाला. "बायका येतात ओ कामाला. काजू फोडायला. खालच्या वाडीतनं चालत येतात, घोळक्यानं. मी गाडी घेऊन पुढं जातो आणि मागनं त्यांच्या लुगड्यांवर सगळा लाल चिखलाचा राडा. गेल्या पावसाळ्यात चाकातला खडा उडाला आणि एका मावशीच्या भुवईवर बसला. डोळा वाचला. टाके पडले. मावशी म्हणती, असू दे बाळा. खरं माझ्या मनातनं ते जाईना."

"मग गाडी हळू चालवायची," मी म्हटलं.

"हळूच चालवतो आता. तरी खडा काय सांगून उडतोय?"

दस्तगीर हसला. "काका, फ्लॅपचं असंच हाय. बसवणाऱ्याला त्याचा काडीचा उपेग न्हाई. मागच्याला उपेग."

पोरगं परत पट्ट्यावर वाकलं आणि मी तिथल्या टायरवर टेकलो. काय सांगू, माझं मन जरा पाघळलं. मग त्यानं पट्टा कापताना दस्तगीरला हात दिला, भोकं पाडताना रबर पायानं दाबून धरलं, माझ्या, म्हणजे मुळीकच्या, जीपलाही कुठले फ्लॅप चांगले ते सांगितलं. "तुम्हाला प्लास्टिकचेच बरे, काका. तुमची गाडी चिखलात जात न्हाई," असं म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती. पुढच्या चाकांना फ्लॅप घालायचे तर स्टेअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवून बघा, नाहीतर घासतंय, हेही त्यानं समजावून सांगितलं. मी हो म्हटलं आणि दस्तगीर मुळीकच्या जीपला प्लास्टिकचा फ्लॅप बसवायला लागला. चहा आला तेव्हा पहिला कप मला दिला, दुसरा दस्तगीरला. मी मनातल्या मनात सोमवारचं उत्तर घोटायला लागलो होतो. अक्काला काय सांगायचं, पद्मीला कसं चिडवायचं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून तो उठला आणि जीपच्या पलीकडं गेला. माझं पाघळलेलं मन पुन्हा घट्ट झालं. रविवारी दुपारी फोन, आणि लपून? मी चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं जीपच्या कडेनं सरकलो. कान लांब केले.

"न्हाई गं आई," तो दबक्या आवाजात म्हणत होता. "अजून वळख दाखवली न्हाई मी. बसलेत हितंच. दुसऱ्याची गाडी घेऊन आल्यात, फ्लॅप बघायलेत... व्हय, मामाच. नक्की... न्हाई, नीट बोलतोय की मी! चहा पण दिला."

माझ्या हातातला कप निसटला आणि फुटला.

तो गर्रकन वळला. फोनमधून त्याच्या आईचा बारीक आवाज येतच होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही गाडीतनं उतरला तेव्हापासून," तो म्हणाला. आता तो मला काका म्हणत नव्हता. "मामा, मी गडहिंग्लजहून कॉलेजला रोज एस.टी.नं यायचो. तुम्हाला कोण वळखत न्हाई? तुम्ही पास उलटा करून उन्हात धरायचा. आम्ही पोरं तुम्हाला एक्सरे म्हणायचो."

"पण मी पद्मजाचा मामा, हे तुला..."

"बायोडाट्यात हाय की. मामा : श्री. भूपाल मगदूम, एस.टी."

तो बायोडाटा मीच लिहिला होता. दाजींच्या जागी मामाचं नाव ठसठशीत यावं म्हणून जाड अक्षरात. दस्तगीर मिस्त्री तोंडावर हात धरून खुसुखुसु हसत होता. त्यालाही सकाळपासून माहीत होतं म्हणे!

मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पकडलो गेलो म्हणून नव्हे. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण तपासणीचा पहिला धडा काय? पुढं तपासणी उभी आहे असं कळलं की फुकटे सगळे आधीच्याच थांब्यावर उतरून जातात. गाडीत उरतात ते सगळे हरिश्चंद्र. आता ह्या पोराचं मी काय बघितलं? मावशीच्या भुवईचे टाके खरे का माझ्यासाठी घातलेले? चहाचा पहिला कप संस्काराचा का तपासनीसाचा? सकाळपासूनची सगळी बेरीज शून्यावर आली होती.

"मग सगळं नाटकच म्हणायचं," मी म्हटलं.

"नाटक कसलं, मामा? नीट वागलो, एवढंच. तुम्ही सुद्धा गाडी आपली न्हवं ती आपली म्हणून सांगितलीच की!"

खरं होतं ते, आणि खरं तोंडावर आलं की मी जास्तच चिडतो. मुळीकची जीप एका बाजूचा फ्लॅप बसून, दुसरं चाक जॅकवर, अशी टांगलेली. ती तिथंच टाकली, रिक्षा केली आणि तणतणत अक्काचं घर गाठलं.

अक्का सोप्यात गहू निवडत बसली होती. पद्मजा माझं तोंड बघूनच आत गेली, पण दाराआड थांबली हे मला दिसलं. तिला तो पसंत होता. तोंडानं बोलली नव्हती, पण गेले आठ-पंधरा दिवस ती कामं करताना गुणगुणत होती.

मी सगळं सांगितलं. अगदी बागेच्या घोटाळ्यापासून फुटलेल्या कपापर्यंत. अक्काला आधी हसू आलं, मग रडू.

"मग आता काय कळवायचं रे, भूपा? हो का नाही?"

"मला विचारू नकोस. सावध झालेल्या माणसाची परीक्षा ब्रह्मदेवाला होत नाही. मी उद्या मध्यस्थाला सांगतो, आणखी महिनाभर थांबा."

"महिन्यानं तरी काय कळणार?"

मी तिच्या सुपातले गहू उगीच चिवडायला लागलो.

तेव्हा शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी राहिली. आमच्या असल्या बोलण्यात ती कधी पडायची नाही. तिला ते बोलणं ऐकवतही नसे.

"मामा," ती म्हणाली, "तिथं दिवसभरात त्याला कुणी नाही म्हटलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, त्याला पाहिजे ते दिलं नाही, असं झालं का कधी?"

मी आठवून बघितलं. दस्तगीर हो ला हो करत होता. मी गोड बोलून माहिती काढत होतो. "नाही बुवा," मी म्हटलं.

"माझ्या वेळी पण नाही," शैला म्हणाली. "आपण सगळे त्याला हो-हो म्हणत होतो. मानपानाला हो, तारखेला हो, कार्यालयाला हो. त्याला नाही म्हटलेलं मी लग्नाआधी बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा मीच म्हटलं. आज माहेरी जाऊ का, तर तो म्हणाला नको, आणि मी म्हटलं, नाही, मी जाणार." तिनं पदर खांद्यावरून घेतला. "चला. मी येते."

"तू?" अक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. एवढ्या काळात शैला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती.

"दाखवा मला ते गॅरेज," शैला म्हणाली. "नाहीतर मामा एकटे जाऊन परत फ्लॅप विकत घेऊन येतील."

रिक्षात ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. तिचा हात थंडगार. मी दोनदा म्हटलं, पोरी, परत जाऊ या. तिनं मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. दस्तगीर नमाजला गेला होता. मुळीकची जीप चारी चाकांवर उभी, दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर चमकत होते. सन्मती एकटाच आपल्या जीपच्या मागं बसून फ्लॅपवरची लोखंडी पट्टी आवळत होता. हातात चांगला हातभर लांब पाना. आम्हाला बघून तो उठला.

"मामा, तुमची गाडी तयार हाय. मीच बसवला दुसरा," तो म्हणाला, आणि मग त्यानं शैलाकडं बघितलं.

"मी शैला," ती म्हणाली. "पद्मजाची बहीण. नांदली नाही ती."

"नमस्कार, ताई."

"आमचा नकार आहे."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. असं एकदम तोंडावर येईल असं मला वाटलं नव्हतं. सन्मतीचा चेहरा उतरला.

"पद्मजाचा?" त्यानं विचारलं.

"घरचा."

"कशापायी?"

"कारण सांगायचं नाही."

आता त्याच्या मानेवर रक्त चढलेलं मला दिसलं. "कारण सांगायचं न्हाई? व्हय? मी सकाळधरनं हितं तपासून घेतोय. बाजारातल्या बैलागत! दात बघितलं, खूर बघितलं. मी एक शब्द काढला न्हाई. आणि आता रस्त्यावर येऊन नको म्हणता, वर कारण पण न्हाई? ही काय रीत झाली? माणूस हाय का कोण मी?"

आवाज चढत गेला. बोलता बोलता तो पुढं आला आणि त्याचा हात हवेत हलायला लागला, बोलणाऱ्याचा हलतो तसा. त्या हातात पाना होता. मी दोघांच्या मध्ये पडायला निघालो. शैला जागची हलली नाही. तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती त्या हाताकडं बघत होती.

सन्मती शब्द अर्धवट टाकून थांबला. ती कुठं बघते आहे ते त्यानं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. मला वाटतं, त्याला त्याच घटकेला शैलाचं सगळं कळलं, गावानं न सांगितलेलं. तो खाली वाकला, पाना जमिनीवर ठेवला, पायानं जीपच्या खाली दूर सरकवला. आणि मागं मागं सरकत गेला, पाठ जीपच्या फाळक्याला टेकेपर्यंत.

"मला राग आलाय, ताई," तो म्हणाला. आवाज पार खाली आला होता आणि कापत होता. "अजून हाय. खोटं कशाला सांगू? पण तुम्ही भिऊ नका. मी हितनं हलत न्हाई."

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. शैलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडं बघितलं, पण राग असा खाली ठेवलेला कधी बघितला नव्हता. सावध झालेला माणूस चहा देऊ शकतो, गोड बोलू शकतो, मावशीच्या टाक्यांची गोष्ट सांगू शकतो. हे त्याला आधी ठरवून करता आलं नसतं. नकार येणार हे त्याच्या बापाला माहीत नव्हतं. अहो, मलासुद्धा नव्हतं!

"नकार तो नकार," सन्मती म्हणाला. तो आता जमिनीकडं बघत होता. "मी मध्यस्थाला काही बोलणार न्हाई. तुमच्या पोरीला नावं ठेवणार न्हाई. मामा, चावी गाडीलाच हाय. जावा तुम्ही."

मी मुळीकच्या जीपकडं वळलो. शैला वळली नाही.

"तुमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवतात?" तिनं विचारलं.

तो गोंधळला. "न्हाई. घरात तरी न्हाई."

"आमच्याकडं पण नाही. मग लगेच निघायला पाहिजे. आई भाकरी करते आहे. या जेवायला."

"अहो ताई, आत्ताच नकार दिलासा न्हवं?"

"तो मी दिला," शैला म्हणाली. "पद्मीला अजून कुणी विचारलेलंच नाही. आईनं नाही, मामांनी नाही, मध्यस्थानं नाही. तुम्ही येऊन विचारा. ती नको म्हणाली तरी जेवून जायचं."

सन्मती तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मी खांदे उडवले. माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. त्यानं स्वतःचे दोन्ही हात वर धरून बघितले. ग्रीसनं कोपरापर्यंत काळे झालेले. आणि दस्तगीर नमाजला गेला आहे हे साफ विसरून तो गॅरेजात तोंड करून केवढ्यांदा तरी ओरडला,

"दस्तगीरभाई, साबण कुठं हाय ओ?"